डाळ लवकर शिजते, म्हणून पाणी चांगलं?

गावात नवा बोअर लागला की त्या पाण्याची पहिली परीक्षा चुलीवर होते. तुरीची डाळ लवकर गळली, साबणाला भरपूर फेस आला, तर पाणी गोडं ठरतं. डाळ दाणेदार राहिली, फेस धरला नाही, तर "जड पाणी आहे" म्हणून नाक मुरडलं जातं. या परीक्षेत तथ्य आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून जड पाण्यात डाळ गळत नाही. हीच दोन मूलद्रव्यं साबणाशी संयोग पावून त्याचा साका करतात, म्हणून फेस होत नाही.

पण हे सगळं डाळीपुरतं आणि साबणापुरतं. ते पाणी लेकरांना पाजावं का, आणि ते वर्षानुवर्षं शेताला दिलं तर जमीन टिकेल का, या दोन प्रश्नांचं उत्तर चुलीवर मिळत नाही. उलट, दातांवर डाग पाडणारं फ्लोराइडचं पाणी आणि काळी जमीन चोपण करून टाकणारं सोडियमचं पाणी, ही दोन्ही बहुतेक वेळा हलकी असतात. डाळ त्यांच्यात सुरेख शिजते.

आता चुलीच्या जागी खिशातलं टीडीएस मीटर आलंय. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. मीटर पाण्यात बुडवलं, आकडा आला, पाचशेच्या खाली तर चांगलं आणि वर तर वाईट. हे मीटर क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतं आणि त्याला एका ठरावीक संख्येने गुणून आकडा दाखवतं. क्षार कोणते आहेत, याचा त्याला पत्ता नसतो. विजेच्या तारा पाण्यात सोडून पाणी तपकिरी करून दाखवणारा विक्रेताही याच अज्ञानावर धंदा करतो. तो रंग बहुतेक त्याच्या लोखंडी पट्ट्यांच्या गंजाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून पट्टी गंजते, आरओच्या पाण्यातून ती फारशी वाहत नाही म्हणून पाणी स्वच्छ दिसतं. घाबरून हजारो रुपये खर्च करण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

एकच टीडीएस, दोन पाणी

समजावून सांगण्यासाठी दोन नमुने घेऊ. आकडे सोयीसाठी मी बांधले आहेत, पण असे अहवाल महाराष्ट्रात कुठेही हाती पडू शकतात.

एका शिवारात पाण्याचे दोन उद्भव, म्हणजे स्रोत, आहेत. पहिला म्हणजे गावालगतची जुनी विहीर, मुरमातून आणि खडकाच्या भेगांमधून पाझरणाऱ्या पाण्याची. तिच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम ८० मिलीग्रॅम, मॅग्नेशियम ४८, सोडियम ६९, बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड १४२, सल्फेट ४८ आणि नायट्रेट ६२. दुसरा म्हणजे गाळाच्या जमिनीतला खोल बोअर. त्यात कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १२, सोडियम २०७, बायकार्बोनेट ४८८, क्लोराइड ७१, सल्फेट ४८, नायट्रेट जवळपास नाहीच. सामू (पीएच) ८.३, फ्लोराइड ०.८.

दोन्हींचा टीडीएस सहाशेच्या आसपास. मीटर दोन्हींना एकच माप लावेल. डाळ मात्र विहिरीच्या पाण्यात हट्ट करेल आणि बोअरच्या पाण्यात पटकन गळेल, कारण विहिरीच्या पाण्याची कठिणता, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, ४०० आहे आणि बोअरची फक्त १००.

आता पिण्याचं बघू. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, २०१२ साली सुधारलेलं. त्यात बऱ्याच घटकांना दोन मर्यादा दिल्या आहेत. पहिली 'स्वीकार्य', म्हणजे पाणी यापेक्षा खाली असावं. दुसरी 'दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची' कमाल. लिटरमागे मिलीग्रॅममध्ये टीडीएसला ५०० आणि २०००, कठिणतेला २०० आणि ६००, क्लोराइडला २५० आणि १०००, फ्लोराइडला १.० आणि १.५. पण काही घटकांना सवलतच नाही. नायट्रेट त्यातलं. ४५ म्हणजे ४५, पर्याय असो वा नसो.

म्हणून आपली विहीर नापास. ६२ नायट्रेटचं पाणी प्यायला योग्य नाही, विशेषतः वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. दूध पावडर कालवायला हे पाणी वापरलं तर नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. बाळ निळसर पडतं. आणि इथे एक फार महत्त्वाची गोष्ट: पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यात राहतं, म्हणजे उकळून ते थोडं वाढतंच. "आम्ही उकळून देतो" म्हणणाऱ्या आईची काळजी खरी आहे, पण उकळण्याने जंतू मरतात, क्षार नाही.

बोअर मात्र पास. कठिणता, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड सगळं स्वीकार्य मर्यादेत. टीडीएस सहाशेच्या आसपास, ५०० आणि २००० च्या मधला. क्षारियता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटचं माप, ४०० भरते, तीही २०० आणि ६०० च्या मधली. सोडियम २०७ आहे, पण या मानकात सोडियमला मर्यादाच दिलेली नाही. चव थोडी मचूळ लागेल, रक्तदाबाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारावं, बाकी पिण्याला हरकत नाही.

शेतीचा निकाल नेमका उलटा लागतो. विहिरीचं पाणी जमिनीला उत्तम. बोअरचं पाणी काळ्या जमिनीला काही वर्षांत खराब करेल. हा निकाल अहवालावर कुठेही ठळक छापलेला नसतो. तो काढावा लागतो, आणि दहावीच्या गणितात निघतो.

जमिनीचं गणित

मिलीग्रॅममधले आकडे एकमेकांशी थेट तोलता येत नाहीत, कारण प्रत्येक मूलद्रव्याचं वजन वेगळं. म्हणून आधी प्रत्येकाला त्याच्या तुल्यभाराने भागायचं: कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२, सोडियमला २३, बायकार्बोनेटला ६१. येतो तो आकडा मिलीइक्विव्हॅलंटमधला. विहिरीत कॅल्शियम ४, मॅग्नेशियम ४, सोडियम ३, बायकार्बोनेट ५. बोअरमध्ये कॅल्शियम १, मॅग्नेशियम १, सोडियम ९, बायकार्बोनेट ८.

आता पहिलं माप एसएआर, म्हणजे सोडियमचं शोषण गुणोत्तर. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बेरजेची निम्मी करायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने सोडियमला भागायचं. विहिरीत बेरीज ८, निम्मी ४, वर्गमूळ २, म्हणून ३ भागिले २ बरोबर १.५. बोअरमध्ये बेरीज २, निम्मी १, वर्गमूळ १, म्हणून एसएआर ९.

दुसरं माप आरएससी, म्हणजे उरलेलं सोडियम कार्बोनेट. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची. १.२५ पर्यंत निर्धास्त, १.२५ ते २.५ जपून, २.५ च्या वर अयोग्य, असा संकेत १९५० च्या दशकापासून चालत आलाय. विहिरीत ५ वजा ८, म्हणजे उणे ३. शून्याच्याही खाली, काळजीच नाही. बोअरमध्ये ८ वजा २, म्हणजे ६.

हे सहा काय करतं ते बघायचं असेल तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार डोळ्यांपुढे आणा. बेसाल्टमध्ये झालेल्या त्या खड्ड्याच्या काठावर धारेचं पाणी गोडं आहे, आणि खाली सरोवराचं पाणी इतकं अल्कधर्मी की सामू दहाच्या आसपास जातो. पूर्वी तिथून खार काढत. खोलगट जागेत पाणी उतरतं, बाहेर जायला वाट नाही, उन्हाने वाफ होत राहते. पाणी आटताना सगळ्यात आधी कॅल्शियम बायकार्बोनेटशी मिळून चुना होतं आणि खाली बसतं. कॅल्शियम संपलं तरी बायकार्बोनेट शिल्लक असेल, तर मागे उरतो तो सोडियमचा सोडा. आरएससी म्हणजे हीच शिल्लक. शेतात दिलेलं पाणी पिकाने ओढलं, उन्हाने उडालं, की प्रत्येक पाळीनंतर मातीत हेच घडतं, फक्त हळूहळू. ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी जमणारा पांढरा थर हा त्याचाच दिसणारा भाग आहे. शेतकरी तो ॲसिडने धुतो आणि विसरतो. तोच चुना मातीत बसतोय आणि मातीतलं कॅल्शियम कमी करतोय, हे दिसत नाही म्हणून त्याची चिंता होत नाही.

आपल्या काळ्या जमिनीला हे का झेपत नाही? तिच्यात चिकणमातीचं प्रमाण फार, आणि तीही पाणी पिऊन फुगणारी आणि सुकली की भेगाळणारी. चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकमेकांना धरून राहतात ते मुख्यतः कॅल्शियममुळे. त्याची जागा सोडियमने घेतली की पापुद्रे सुटे होतात, मातीची रवाळ घडण मोडते, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात. पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही. वरून घट्ट, ओली झाली की लिबलिबीत, सुकली की दगडासारखी. याला आपण चोपण जमीन म्हणतो. पांढरी बुरशी फुटल्यासारखे क्षार वर दिसणारी ती खारवट जमीन, ती वेगळी. खारवट जमीन निचरा केला आणि भरपूर गोडं पाणी दिलं तर धुऊन निघते. चोपण जमिनीत नुसतं गोडं पाणी सोडलं तर ती आणखी बिघडते.

त्यामुळेच या नुकसानीची वेळ फसवी असते. रब्बीत बोअरचं पाणी चालू असेपर्यंत पाण्यातले क्षारच मातीचे कण थोडेफार एकत्र धरून ठेवतात, आणि सगळं ठीक वाटतं. पावसाळ्यात आभाळाचं शुद्ध पाणी पडतं, क्षार धुतले जातात, पण चिकणमातीला चिकटलेलं सोडियम तसंच राहतं, आणि माती विरघळल्यासारखी पसरते. जूनमध्ये शेतात पाणी साचून राहतं, पेरलेलं उगवत नाही, आणि दोष बियाण्याला किंवा पावसाला दिला जातो. खरा कर्ता मागच्या हिवाळ्यातलं बोअरचं पाणी असतं.

याच कारणाने छापील वर्गीकरणावर डोळे मिटून विसंबू नये. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड इथल्या अमेरिकी क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली एक आलेख दिला. आडव्या अक्षावर विद्युत वाहकता, उभ्यावर एसएआर. वाहकता २५० मायक्रोसायमनच्या आत सी-१, ७५० पर्यंत सी-२, २२५० पर्यंत सी-३, त्यापुढे सी-४. तसेच सोडियमचे एस-१ ते एस-४. आपले बहुतेक अहवाल आजही हीच भाषा बोलतात. वाहकता १,१०० धरली तर आपला बोअर त्यात सी-३, एस-२ येतो, म्हणजे सोडियमच्या बाजूने 'मध्यम'. हा मध्यम शब्द भरवशाचा नाही. हलक्या, मुरमाड, उताराच्या जमिनीत ते पाणी कदाचित खपून जाईल. पाच-सहा फूट खोल काळ्या जमिनीत, जिथे आधीच निचरा मंद, तिथे आरएससी ६ असलेलं पाणी मी तरी जिप्समशिवाय, म्हणजे मातीला कॅल्शियम देणाऱ्या खनिजाशिवाय, देणार नाही.

जिप्समचंही गणित सोपं आहे. एक पाळी पाच सेंटिमीटरची धरली तर हेक्टरला ५०० घनमीटर पाणी लागतं. त्या पाण्याची आरएससी एकाने खाली आणायला शुद्ध जिप्सम सुमारे ४३ किलो. आपल्या बोअरची सहावरून अडीचवर आणायची, म्हणजे साडेतीनने, तर पाळीमागे हेक्टरी दीडशे किलो, एकरी साठ. बाजारातलं जिप्सम शंभर टक्के शुद्ध नसतं, त्या प्रमाणात वाढवायचं. हा खर्च पिकाच्या हिशेबात बसतो का, हे बोअरला मोटर टाकण्याआधी बघता येतं. नंतर बघितलं तर जमीन सुधारण्याचा खर्च याच्या कितीतरी पट होतो.

आणि विहिरीतलं ते ६२ नायट्रेट? शेताला ते चक्क खत आहे. ६२ मिलीग्रॅम नायट्रेटमध्ये १४ मिलीग्रॅम नत्र असतं. त्याच पाच सेंटिमीटरच्या पाळीतून हेक्टरी ७ किलो नत्र फुकट पडतं. पाच पाळ्या दिल्या तर ३५ किलो. युरियाचा हप्ता ठरवताना हे वजा करणारे शेतकरी फार थोडे, आणि न केल्याने तेच नत्र पुन्हा पाझरून विहिरीत उतरतं.

पाणी असं का होतं

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो. पावसाचं पाणी मातीतून उतरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि बेसाल्टमधल्या खनिजांमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवून घेतं. म्हणून उथळ विहिरींचं पाणी जड असतं. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. जड पाण्याने मुतखडा होतो हा समज पक्का आहे, पण त्याला ठाम वैद्यकीय आधार नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने कठिणतेला आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही.

हेच पाणी खोलवर, गाळातून आणि चिकणमातीतून वर्षानुवर्षं सरकत राहिलं तर चिकणमाती त्यातलं कॅल्शियम स्वतःकडे ठेवते आणि बदल्यात सोडियम देते. पाणी आपोआप हलकं होतं. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात, ज्याला खारपाणपट्टा म्हणतात, हा खेळ फार मोठ्या प्रमाणावर झालाय. जाड गाळ, मंद उतार, चिकण जमीन, जेमतेम निचरा. तिथे भूजल काही ठिकाणी मिठाचं, काही ठिकाणी सोड्याचं. त्या पट्ट्यातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू करतो ते त्याला पाणी नाही म्हणून नाही. जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिकाला देता येत नाही. तिथे शेततळ्यात धरलेला पाऊस आणि त्यातून दिलेलं एखाद-दुसरं संरक्षित पाणी हेच शहाणपणाचं सिंचन ठरलंय.

बेसाल्ट संपून ग्रॅनाइट आणि जुने खडक सुरू होतात तिकडे प्रश्न फ्लोराइडचा. यवतमाळचा केळापूर-वणी भाग, चंद्रपूर, नांदेडचा किनवट परिसर. तिथल्या खडकांत फ्लोराइडची खनिजं आहेत. पाण्यात भरपूर कॅल्शियम असेल तर ते फ्लोराइडला पकडून फ्लोराइटच्या रूपात खाली बसवतं. कॅल्शियम कमी, सामू चढा आणि पाणी खडकात दीर्घकाळ मुरलेलं, अशी तिन्ही जुळली की फ्लोराइड पाण्यात मोकळं राहतं. म्हणजे पुन्हा तेच हलकं पाणी. मुलांच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे आणि मग पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, आणि पक्के दात बनण्याच्या वयात पडलेले हे डाग जन्मभर राहतात. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर सांधे आणि पाठीचा कणा आखडतो. त्याला उलटं फिरवणारं औषध नाही. पाणी बदलणं हाच इलाज.

नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत विकसित केली. पद्धत चांगली आहे, पण रोज मापात तुरटी टाकणारा माणूस आणि खाली बसलेल्या गाळाची विल्हेवाट, दोन्ही लागतात, आणि गावातल्या योजना बहुतेक तिथेच बंद पडतात. म्हणून माझं मत असं की शुद्धीकरणाच्या आधी त्याच गावात उथळ विहीर तपासावी. खोल बोअरला २ फ्लोराइड असताना दोनशे मीटरवरच्या जुन्या विहिरीत ०.६ असू शकतं. त्या विहिरीत नायट्रेट आणि जंतू असण्याची शक्यता मात्र जास्त, कारण ती वस्तीला लागून असते. एक संकट टाळताना दुसरं पदरात पडू नये म्हणून दोन्ही तपासण्या एकत्रच करायच्या.

कोकण आणि गोव्यात चित्र आणखी वेगळं. जांभ्यातलं पाणी क्षारांनी गरीब, कित्येकदा सामू ६.५ च्या खाली. मीटर त्याला शाबासकी देईल. पण असं पाणी लोखंडी पाइप खातं, आणि काही ठिकाणी विरघळलेलं लोह घेऊन येतं: उपसताना स्वच्छ, आणि बादलीत तासभर ठेवलं की तांबूस. किनाऱ्यालगत उपसा वाढला की क्लोराइड चढायला लागतं, तो समुद्र आत सरकत असल्याचा निरोप.

अहवाल घेताना आणि वाचताना

अहवाल कितीही मोठ्या प्रयोगशाळेचा असो, आधी तो आतून जुळतो का ते बघावं. सगळे धन आयन आणि सगळे ऋण आयन मिलीइक्विव्हॅलंटमध्ये मांडून बेरजा कराव्यात. पाणी विद्युतदृष्ट्या समतोल असतं, म्हणून दोन्ही बेरजा जवळपास सारख्या यायला हव्यात. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. आपल्या विहिरीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम मिळून ११. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ५, क्लोराइड ४, सल्फेट १, नायट्रेट १, तेही ११. फरक वीस टक्के निघाला तर काहीतरी चुकलंय किंवा एखादा मोठा घटक मोजलाच नाही. शेतीसाठी दिलेल्या अहवालात सोडियम नसेल तर तो अहवाल अपुरा आहे, हे प्रयोगशाळेत तिथल्या तिथे सांगावं.

अलीकडे सगळे घटक एकत्र करून एकच 'पाणी गुणवत्ता निर्देशांक' काढायची पद्धत वाढली आहे. नकाशे रंगवायला ती सोयीची. पण पिण्याच्या पाण्यात सरासरीला अर्थ नाही. दहा घटक उत्तम आणि फ्लोराइड ३ असेल तरी निर्देशांक पाण्याला बरं म्हणू शकतो, आणि ते पिणाऱ्या मुलाचे दात मात्र जातात. पिण्यासाठी एक घटक नापास म्हणजे पाणी नापास, असंच धरावं.

जंतूंची तपासणी तर या सगळ्याच्या बाहेरची आणि सगळ्यांत आधीची. १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, नको. क्षारांचा अहवाल कितीही सुंदर असला तरी विहिरीजवळ उकिरडा किंवा शोषखड्डा असेल तर पावसाळ्यात ते पाणी गावाला झोपवू शकतं. गावात जलसुरक्षक टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकतो, त्यानंतर नळाला ओटी (ऑर्थोटोलिडीन) या रंगाच्या चाचणीत उरलेलं क्लोरीन किमान ०.२ मिलीग्रॅम दिसायला हवं. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी किट हाताळायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत आणि किटमधली रसायनं मुदतीतली आहेत का, हे ग्रामसभेत विचारण्यासारखं आहे. महाराष्ट्रात पाण्याच्या जोखमीवरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. आपल्याला कोणतं मिळालं आणि का, तेही विचारावं.

नमुना घेण्यात बहुतेक चुका होतात. बोअर आधी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जातं. क्षारांसाठी दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायचा. तेलाचा किंवा औषधाचा जुना कॅन अजिबात नको. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेतून मिळालेली निर्जंतुक बाटलीच, ती विसळायची नाही, आतून बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची. क्लोरीन टाकलेल्या पाण्याचा नमुना असेल तर तसं आधीच सांगायचं, म्हणजे बाटलीत क्लोरीन मारणारं रसायन घालून देतात. कॅनवर गट नंबर, उद्भव, खोली, तारीख लिहायची. पिण्याच्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. शेतीसाठी कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात माती आणि पाणी दोन्ही एकत्र द्यावेत. नुसतं पाणी दिलं तर सल्ला अर्धाच मिळतो.

पिकाची निवडही अहवाल हातात आल्यावरच करावी. कापूस, ज्वारी, गहू बऱ्यापैकी क्षार सोसतात. घेवडा, कांदा, गाजर, स्ट्रॉबेरी लवकर मान टाकतात. संत्रा-मोसंबीला क्लोराइड आणि बोरॉन सोसत नाही. पानांचे शेंडे आणि कडा करपायला लागल्या की पहिला संशय रोगावर न घेता पाण्यावर घ्यावा. द्राक्षवाले क्षार सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावर कलम करतात त्यामागे हेच कारण आहे.

तपासणी वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मेमध्ये पाणी आटून क्षार सर्वांत दाट असतात, फ्लोराइडही बहुधा तेव्हाच चढलेलं. पावसानंतर मातीतलं नायट्रेट धुऊन विहिरीत आलेलं असतं. फक्त एकाच ऋतूतला अहवाल असेल तर यातला एक धोका हमखास सुटतो. आणि जुना अहवाल टाकून देऊ नये. पाच वर्षांत सोडियम वाढत चाललंय आणि कॅल्शियम घटतंय असं दिसलं, तर बोअर दरवर्षी आणखी खालचं, आणखी जुनं पाणी ओढतोय असा दाट संशय घ्यावा, आणि पुढची पाळी देण्याआधी उपसा कमी करायचा की जिप्सम सुरू करायचं, हे त्या आकड्यांवरून ठरवावं.